झगा गेला, टोपी राहिली

१

सोमवारी सकाळी मिसेस थर्लो यांनी कापडांचं कपाट उघडलं, तेव्हा वरच्या फळीवर बाप्तिस्म्याची टोपी होती आणि झगा नव्हता.

अर्ध्या तासात मी त्यांच्या दिवाणखान्यात उभा होतो. हाताला मेण लागलेलं, दुकान उघडं टाकलेलं, कारण त्या वर्षी, म्हणजे १८३८ साली, ब्रॅक्सफर्ड गावचा कॉन्स्टेबल मी होतो. नाव इनॉक सॅलिस, धंदा घोड्यांची खोगीरं शिवण्याचा. आमच्याकडे कॉन्स्टेबलकी दर वर्षी एकेका दुकानदाराच्या गळ्यात पडते. पगार नाही, शिव्या मात्र पोटभर. माझ्या आधीच्या वर्षी ती पाववाल्याकडे होती. त्याने वर्षभरात एक मोकाट डुक्कर पकडलं, आणि ते त्याचंच निघालं.

"चोर सापडलाय, सॅलिस," मिसेस थर्लो म्हणाल्या. "मला झगा हवाय."

बाई काळ्या कपड्यांत होत्या. शनिवारीच त्यांच्या सासूला आम्ही मातीत ठेवून आलो होतो. खांदा देणाऱ्या सहा जणांतला मी एक. सासू-सुनेचं उभ्या जन्मात कधी पटलं नाही हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं, पण सुतक मात्र बाईंनी काटेकोर पाळलं होतं. थर्लोंच्या घरात सगळंच काटेकोर असे.

चोर म्हणजे केझाया मिन्स, घरातली मोलकरीण. पंधराव्या वर्षी आली, आता चौतीस वर्षांची. बाईंनी तिचं संदूक उघडायला लावलं. तळाशी एक निळा कागद निघाला, नीट घडी घातलेला. पांढरं कापड पिवळं पडू नये म्हणून गुंडाळतात तो. झगा त्याच कागदात असायचा.

केझाया दाराशी उभी होती. ती रडत नव्हती.

"तू घेतलास?" मी विचारलं.

"घेतला."

"कुठाय?"

तिने खाली बघितलं.

"गुरुवारी न्यायाधीश बसतात," बाई म्हणाल्या. "त्याच्या आत झगा या फळीवर आला, तर हिने आपलं संदूक उचलावं आणि चालू लागावं. नाही आला, तर मी शपथेवर सांगेन."

म्हणजे काय ते खोलीतल्या तिघांनाही कळत होतं. चाकराने मालकाच्या घरात चोरी केली की सात वर्षं समुद्रापार. जहाजात चढलेली बाई परत आलेली आमच्या गावाने पाहिली नव्हती. आणि हातात तीन दिवस होते.

२

आधी गेलो गहाणवाल्याकडे. त्याने कानावर हात ठेवले. जुन्या कपड्यांच्या बाईकडे गेलो, फिरत्या विक्रेत्याला गाठलं. झगा कुणीच पाहिला नव्हता. मग मागच्या दाराने पुन्हा थर्लोंच्या स्वयंपाकघरात शिरलो. तिथे स्वयंपाकीण मिसेस टिबेट पीठ तिंबत होती. अंगाने भक्कम आणि तोंडाने तिखट.

"आलास? बस. तपास उपाशीपोटी करायचा नसतो," ती म्हणाली आणि माझ्यापुढे थंड मटणाचा पाय ढकलला. "काल चर्चच्या आवारात बघितलं तुला. तीन-तीन थडग्यांना टोपी काढतोस. एक न्हावी, एक गवळण आणि ती चिडकी शाळामास्तरीण. तुझं त्यांच्याशी नातं काय रे?"

"शेजार," मी म्हणालो. "कपाटाचं सांग."

"शुक्रवारी दुपारभर उघडंच होतं. काळे पडदे, काळी चादर, काय काय काढायचं होतं. किल्ल्या दाराला लटकत होत्या. मनात आलं असतं तर मीच चांदीचे चमचे घेऊन पळाले असते." तिने पिठाचा गोळा आपटला. "पण एक सांगू? चोर असा कसा? टोपी ठेवली आणि झगा नेला! अरे, किंमत तर त्या टोपीचीच. ती लेस फ्लँडर्सहून आलेली. केझायाने ती दर वसंतात आपल्या हाताने धुतलीय. तिला काय ठाऊक नाही?"

मी टोपी मागून घेतली आणि मुठीवर चढवली. मूठ आत गेली आणि वर जागा उरली. माझी मूठ लहान नाही. बरं, तीन महिन्यांच्या बाळाच्या मापाची टोपी, यात नवल काय, असं म्हणून मी ती परत दिली. नवल होतं, पण ते दिसायला मला आणखी एक दिवस लागला.

"केझाया हल्ली बाहेर जायची का?"

"गुरुवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी गेली होती. डब्यात रस्सा घेऊन. कुठे म्हणून विचारलं, तर म्हणाली, मावशीकडे."

"बरं."

"काय बरं?" मिसेस टिबेटने हात थांबवले. "इनॉक, तिच्या मावशीला जाऊन नऊ वर्षं झाली. त्या मढ्याला फुलं मीच वाहिली होती."

३

गावची कोठडी म्हणजे नदीकाठची ओल आलेली खोली. तिथे मी तिला ठेवलं नाही. माझ्या दुकानामागे, कातड्यांच्या ढिगाशेजारी खाट टाकून दिली. तिला पळायचं असतं तर दार नुसतं ढकलायचं होतं.

मंगळवारी सकाळी मी तिच्यापुढे पाव आणि चीज ठेवलं. तिने माझा अर्धवट शिवलेला लगाम हातात घेतला होता.

"तुमचा टाका सैल पडलाय इथे," ती म्हणाली.

"डोकं ठिकाणावर नाही, म्हणून पडला. बाई गं, झगा कुणाला दिलास?"

"ज्याचा हक्क होता त्याला."

"विकलास?"

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मला आपल्याच दुकानात चोरटं वाटलं. "एकोणीस वर्षांत त्या घरातली साखरेची चिमूट उचलली नाही मी, मिस्टर सॅलिस. मला जहाजात घाला. पण विचारू नका. तुम्ही भले माणूस आहात, तुम्हाला कळलं तर तुम्हालाच जड जाईल."

एवढं बोलून तिने लगाम माझ्या हातात दिला.

मी टाका उसवत बसलो आणि विचार करू लागलो. त्या झग्यावर हक्क कुणाचा? त्यात थर्लोंच्या घरातल्या सगळ्या पोरांचा बाप्तिस्मा झालेला. शेवटचं पोर म्हणजे बाईंची लेक, लेटिस. तिला वाढवलं केझायाने. तीन वर्षांपूर्वी लेटिसने कालव्यावरच्या नाववाल्याशी, जोब हरेलशी लग्न केलं. त्या दिवसापासून त्या घरात तिचं नाव काढायला बंदी होती. ती पुलापलीकडे गल्लीत राहते, हे मला ठाऊक होतं. आईला ठाऊक होतं की नाही, ते विचारायची कुणाची छाती नव्हती.

म्हणजे लेटिसला बाळ झालं होतं! बाप्तिस्म्यासाठी केझायाने घरचा झगा नेऊन दिला. अगदी सरळ हिशेब. आजीच्या मांडीवर नातवंड नेऊन ठेवायचं, झगा त्याच्या अंगावर. बाईंचं दगडाचं काळीज पाझरणार, केझाया सुटणार. मनातले मांडे खात मी पूल ओलांडला. वाटेत पोराला द्यायला एक लाकडी खुळखुळासुद्धा घेतला.

दार लोटलेलं होतं. आतून रडण्याचा आवाज येईल म्हणून मी थांबलो. आत काहीच आवाज नव्हता.

४

लेटिस खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. छातीभोवती चादरीची पट्टी आवळून बांधलेली. दूध आटवायला बायका बांधतात तशी. कोपऱ्यात पाळणा होता. त्यात कांदे ठेवले होते.

मी खुळखुळा खिशात खोलवर ढकलला.

"केझाया का नाही आली?" तिने विचारलं. "कालही नाही आली."

"घरात काम आहे," मी खोटं बोललो. "आजीचं झालं ना."

"हो. आजी गेली." तिने पट्टीची गाठ चाचपली. "माझंही गेलं, मिस्टर सॅलिस. गुरुवारी. सातवाच महिना लागला होता. पोरगी रडलीच नाही. जोब नावेवर आहे, त्याला अजून कळलंसुद्धा नाही. तो तिकडे पाळण्यासाठी घुंगरू शोधत असेल."

"कुठे ठेवलं तिला?" मी विचारलं.

"केझायाने नेलं. मी म्हटलं, तिला उघडीवाघडी नको नेऊस, माझा झगा तरी असू दे तिच्या अंगावर. केझाया म्हणाली, चांगल्या जागी ठेवीन. कुठे, ते विचारू नकोस म्हणाली." तिने माझी बाही धरली. "चांगली जागा असेल ना?"

"असेल," मी म्हणालो, आणि बाहेर पडलो.

पुलाच्या कठड्यावर बसलो. टोपी का राहिली ते आता कळलं. सातव्या महिन्यातच जन्मलेल्या जिवाचं डोकं केवढंसं असणार! झग्यात गुंडाळता येतं. टोपी गळ्यापर्यंत उतरली असती. केझायाने ती घालून बघितली असेल, आणि काढून परत फळीवर ठेवली असेल.

आता मला माझं सांगावं लागतं. गावात कुणाला सांगितलं नाही, मिसेस टिबेटलाही नाही.

अकरा वर्षांपूर्वी माझ्या मार्थाला मुलगा झाला, आणि तो श्वास न घेताच गेला. बाप्तिस्मा नाही म्हणजे नाव नाही, घंटा नाही, प्रार्थना नाही. अशांची जागा चर्चच्या उत्तरेला, काटेरी झुडपांपलीकडे. तिथे कबर खणणारा तिन्हीसांजेला फावडं मारतो आणि कुणी काही विचारत नाही. पण आमच्याकडे एक जुनी रीत आहे, कुठेही न लिहिलेली. त्या आठवड्यात दुसरं कुणी गेलं असेल, तर सुतार गुपचूप ते गाठोडं त्याच्या शवपेटीत पायाशी ठेवतो. परक्याच्या सोबतीने का होईना, पोर पवित्र मातीत जातं. आईबापाला मात्र कुणाच्या पेटीत ते सांगत नाहीत. त्या आठवड्यात आमच्या गावात तिघं गेली होती. एक न्हावी, एक गवळण, एक शाळामास्तरीण.

मार्था पुढच्याच वर्षी गेली. मी एकटा तिन्ही थडग्यांना टोपी काढत राहिलो.

आणि तिथे पुलावर बसल्या बसल्या मला शनिवारचे स्क्रू आठवले.

५

शवपेटी खांद्यावर असली की माणसाच्या नाकासमोर झाकणाची कड येते. म्हाताऱ्या मिसेस थर्लोंच्या पेटीचे स्क्रू सुतकाच्या रीतीने काळे रंगवलेले होते. माझ्या डोळ्यांसमोरच्या दोन स्क्रूंच्या खाचेत मात्र लोखंड लखलखत होतं. रंग एकदा वाळल्यावर कुणीतरी ते पुन्हा फिरवले होते. खोगीरवाल्याच्या नजरेतून उसवून पुन्हा शिवलेला टाका सुटत नाही, तसंच ते. तेव्हा मी दुर्लक्ष केलं होतं.

एमस पेल, आमचा सुतार, फळी रंधत होता.

"शनिवारी सकाळी थर्लोंकडे गेला होतास?" मी विचारलं.

"कडी सैल होती."

"कडी नव्हती सैल. स्क्रू दोनदा फिरवलेस तू."

रंधा थांबला. "तुला काय हवंय, इनॉक? अकरा वर्षांपूर्वी तू मला काही विचारलं नव्हतंस."

मी स्टुलावर बसलो. मला तेव्हा कळलं की ते गाठोडं याच हातांनी ठेवलं होतं. इतकी वर्षं रोज दुकानावरून जाताना आम्ही एकमेकांना हात करायचो.

"कुणाच्या पेटीत होतं, एमस?"

"नाही सांगणार. एकाला सांगितलं की दुसऱ्याला सांगावं लागतं. नवा पाद्री नियमाचा माणूस आहे. त्याला कुणकुण लागली तर कबर उकरून काढेल आणि काट्यांत नेऊन टाकेल. मागच्या वर्षी शेजारच्या गावात काढलं होतं. आई बघत होती." त्याने भुसा फुंकला. "केझायाला ते माहीत आहे. म्हणून तर ती बोलत नाही. तू कोर्टात बोललास तर ती सुटेल, आणि ते पोर बाहेर येईल. नाही बोललास तर ती जहाजात जाईल. आता ठरव तू, कॉन्स्टेबल."

६

बुधवारी दुपारी मी मिसेस थर्लोंसमोर उभा राहिलो. बस म्हणाल्या, तरी बसलो नाही.

"झगा मिळाला?"

"कुठे आहे ते कळलं, बाईसाहेब. पण तो परत येणार नाही. आणि तुम्ही ऐकून घेतल्यावर काय कराल ते तुमच्यावर आहे. दुसऱ्या कुणाला मी सांगणार नाही, न्यायाधीशालाही नाही."

मग मी क्रमाने सांगितलं. टोपी का राहिली, रस्सा कुणाला गेला, पाळण्यात कांदे का होते, स्क्रू का चमकत होते. लेटिसचं नाव घेतलं तेव्हा त्यांनी हात वर केला, पण मी थांबलो नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्या बाईंसमोर थांबलो नसेन.

"चोरी झाली, बाईसाहेब. ती तुमच्या घरातून झाली, आणि तुमच्याच घरच्यासाठी झाली. तुमचा झगा तुमच्या नातवंडाच्या अंगावर आहे. तुमच्या सासूच्या पायाशी."

बाईंचा चेहरा तसाच, इस्त्रीचा. मला वाटलं, संपलं. आता बाई पाद्र्याला बोलावणार. सासूच्या पेटीत परकं गाठोडं, आणि नाववाल्याचं पोर! मी माझी टोपी पिळत होतो.

"मुलगा होता की मुलगी?" त्यांनी विचारलं.

"मुलगी."

त्या उठल्या, खिडकीपाशी गेल्या आणि माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. खांदे हलत होते. आवाज अजिबात नव्हता. मला ते बघवेना, म्हणून मी न विचारताच बाहेर आलो.

त्या काय करणार ते मला रात्रभर कळलं नाही.

७

गुरुवारी बाजाराच्या गर्दीत न्यायाधीश बसले. केझाया पिंजऱ्यात, हात बांधून. मिसेस थर्लोंनी बायबलवर हात ठेवला.

"झगा चोरीला गेला नाही," त्या म्हणाल्या. "मीच दिला होता. माझ्या हाताने. सुतकाच्या गडबडीत विसरले."

"पण मोलकरणीने कबुली दिली आहे!"

"ती माझं बोलणं खोटं पाडायला धजत नाही. चांगली चाकर अशीच असते."

मागच्या बाकांवर हशा पिकला. थर्लोबाईंना म्हातारचळ लागला म्हणून. न्यायाधीशांनी त्यांना पाच मिनिटं झापलं. ज्या बाईसमोर मान वर करायची आमची हिंमत नव्हती, ती मान खाली घालून ऐकत राहिली. बायबलवर हात ठेवून खोटं बोलणारी दुसरी बाई मी इतकी खरी पाहिली नाही.

दारात त्यांनी केझायाला गाठलं. "घरी चल."

"नाही, बाईसाहेब."

"मी तुला सोडवलं ना?"

"सोडवलंत. देव तुमचं भलं करो." केझायाचा आवाज मऊ होता. "पण त्या घरात ते एक संदूकच माझं होतं. तुम्ही ते सगळ्यांसमोर उघडलंत. आता मला तिथे झोप लागायची नाही."

त्याच संध्याकाळी जोब हरेलची नाव आली. वाटेतली माल भरायची दोन ठिकाणं सोडून तो घाईने परतला होता, घुंगरू घेऊन. शुक्रवारी सकाळी मिसेस थर्लो पूल ओलांडून गल्लीत गेल्या. तिथे दार उघडं, खाट रिकामी, पाळण्यात कांदे. शेजारीण म्हणाली, पहाटेच गेले सगळे, लेटिस आणि नवरा, आणि ती एक मोलकरीणही संदूक घेऊन त्यांच्यासोबत. कुठे? कालव्याला काय, दोनशे मैल आहेत.

बाईंना तीन वर्षं मिळाली होती, आणि पूल होता शंभर पावलांचा. हे मी त्यांना बोललो नाही. ते त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

रविवारी प्रार्थना सुटल्यावर मी नेहमीप्रमाणे मागे रेंगाळलो. न्हाव्याला टोपी काढली, गवळणीला काढली, मास्तरणीला काढली. वळलो तर मिसेस थर्लो सासूच्या ताज्या मातीपाशी उभ्या होत्या. हातात रानफुलांच्या दोन जुड्या. एक मोठी, एक अगदी चिमूटभर.

त्यांनी माझ्याकडे आणि त्या तीन थडग्यांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"तुमचंही?" त्यांनी विचारलं. उभ्या आयुष्यात त्यांनी मला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

"मुलगा. तिघांपैकी कुणाजवळ, ते माहीत नाही."

त्या वाकल्या. मोठी जुडी दगडाशी ठेवली, लहान जुडी खाली, पायाकडच्या बाजूला. आधाराला मी हात दिला, तो त्यांनी घेतला.

"म्हातारीला पोरं नीट धरता यायची नाहीत," त्या म्हणाल्या. "लेटिसला इतकं घट्ट आवळायची की पोर निळं पडेल म्हणून मी ओरडायचे. त्यावरनं आमचं पहिलं भांडण झालं."

"असेल, बाईसाहेब."

त्यांनी हातमोज्याने ओली माती सारखी केली.

"आता धरू दे," त्या म्हणाल्या. "धरू दे घट्ट."